भावोजींचा विक्रम आणि ताईची गाडी

माझी थोरली बहीण शहराच्या बससेवेत ड्रायव्हर होती आणि सुट्टीच्या दिवशी गाड्यांच्या शर्यतीत उतरायची. हे सांगितलं की लोक आधी हसतात, मग विचारतात, "बस घेऊन?" बस घेऊन नव्हे. शहराबाहेर एक जुनी, वापरात नसलेली धावपट्टी आहे. तिला वळणं जोडून कुणीतरी ट्रॅक केला आणि तिथे दरवर्षी छोट्या गाड्यांच्या शर्यती होऊ लागल्या. हंगामभराच्या शर्यती संपल्या की ज्याचे गुण जास्त, तो त्या वर्षाचा विजेता. या विजेतेपदापायी आमच्या घरात जे घडलं ते सांगायचं आहे.

मी शिंपी. गाडीतलं मला स्टिअरिंग आणि हॉर्न एवढंच कळायचं. पण ताईचा शर्यतीचा पोशाख मीच तिच्या मापाचा करून दिला होता. आगीपासून वाचवणारा तो तीन पदरी पोशाख तेव्हा पुरुषांच्याच मापात मिळायचा आणि ताई त्यात उभी राहिली की गादीच्या खोळीत शिरल्यासारखी दिसायची. तो उसवून, आवळून, पुन्हा शिवता शिवता मी या प्रकरणात गुंतलो तो गुंतलोच.

ताई गाडी चालवायला शिकली ती आमच्या वडिलांकडून. वडील दुधाची गाडी चालवायचे. तेव्हा दूध काचेच्या बाटल्यांतून जायचं. मागे बाटल्यांचे क्रेट आणि पुढे वडिलांच्या शेजारी ताई. वडिलांची शिकवणी एका वाक्यात संपायची, "बाटल्या वाजता कामा नयेत." जोरात निघालं तरी बाटल्या वाजायच्या, जोरात थांबलं तरी वाजायच्या. त्यामुळे लांबवरचा सिग्नल, समोरून येणारा सायकलवाला, रस्त्याच्या कडेचं कुत्रं, सगळं आधी हेरायचं आणि पाय हळूच उचलायचा, ही सवय तिच्या हाडीमाशी खिळली. पुढे ती बसवर लागली तेव्हा बाटल्यांच्या जागी माणसं आली, एवढाच काय तो फरक.

तिचं लग्न जमलं तेही याच सवयीमुळे. भावोजी बस डेपोत मेकॅनिक होते. सगळ्या बसचे ब्रेक लायनर वेळेवर झिजायचे आणि एका बसचे काही केल्या झिजेनात. त्यांना वाटलं, ही बस चालतच नाही, ड्रायव्हर कुठेतरी सावलीत उभी करून झोपा काढतोय. खात्री करायला ते एक दिवस प्रवासी बनून त्या बसमध्ये बसले. शेवटच्या थांब्यापर्यंत गेले, तिथून परत आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसले. आठवडाभराने ताईनेच विचारलं की तपासणी अजून किती दिवस चालणार आहे, म्हणजे तसं घरी सांगता येईल.

भावोजी मात्र गाडी चालवायचे ते अगदी उलट. डेपोत शांत, खालमानेने काम करणारा हा माणूस शर्यतीच्या गाडीत बसला की अंगात वारं शिरल्यासारखा व्हायचा. वळण अंगावर येईपर्यंत ॲक्सिलरेटर सोडायचा नाही, आणि मग ब्रेकवर एकदम उभाच राहायचा. त्यांनी चार वेळा विजेतेपद मिळवलं. त्या ट्रॅकवर तेवढं कुणीच मिळवलं नव्हतं. पाचव्याच्या मागे असताना त्यांची गाडी उलटली आणि पाठीच्या मणक्याला मार बसला. चालता-फिरता आलं, काम करता आलं, पण शर्यतीचं नाव काढायचं नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं.

ते वर्ष वाईट गेलं. भावोजी बोलेनासे झाले. गाडी घराच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पडून होती. तिला विकू देत नव्हते आणि तिच्याकडे बघतही नव्हते. ताईच्या सासूबाई म्हणायच्या, हे म्हणजे दारात पाहुणा बसवून ठेवल्यासारखं झालंय, ना घरात घ्यायचं ना वाटेला लावायचं.

त्याच सुमाराला शर्यतीचा नियम बदलला. आधी मधेच थांबून टाकी भरता यायची. एका वर्षी पेट्रोल भरताना आग लागली, दोघं भाजले, आणि आयोजकांनी ते बंदच केलं. आता सुरुवातीलाच प्रत्येक गाडीत सारखंच पेट्रोल ओतायचं, टाकीला सील लावायचं आणि दोन तासांत जो जास्त अंतर कापेल तो पहिला. सुसाट जाणाऱ्याचं पेट्रोल शेवटी संपणार. जपून चालवणारा मागे पडणार. दोन्हीचा मेळ घालायचा.

भावोजींनी हे वर्तमानपत्रात वाचलं आणि कुजकटपणे म्हणाले, "आता शर्यती संपल्या. आता काटकसरीच्या स्पर्धा सुरू."

ताई भाजी चिरत होती. ती म्हणाली, "मग मी चालवून बघू का?"

पहिल्या शर्यतीत ती शेवटून दुसरी आली. लोकांनी तिला 'बसवाली ताई' म्हणायला सुरुवात केली. कुणी म्हणायचं, ताई थांबा घ्यायला विसरल्या वाटतं. तिने ते मनावर घेतलं नाही. दिवसभर सुट्ट्या पैशांवरून भांडणारे प्रवासी ऐकणाऱ्या बाईला असल्या टोमण्यांचं काय? दुसऱ्या वर्षी ती मधल्या घोळक्यात होती. तिसऱ्या वर्षी जिंकली.

ती काय करायची ते मला तिने समजेल अशा भाषेत एकदा सांगितलं होतं. ब्रेक मारणं म्हणजे आधी जाळलेलं पेट्रोल रस्त्यावर ओतून देणं. म्हणून वळणाच्या बऱ्याच आधी पाय उचलायचा, गाडी तिच्या वेगाने वळणात जाऊ द्यायची आणि बाहेर पडताना अलगद पुन्हा दाबायचं. सरळ रस्त्यावर पुढच्या गाडीच्या पाठीला चिकटायचं. पुढचा वारा कापतो आणि मागच्याला फुकटात वाट मिळते. "घाई करणाऱ्याला पुढे जाऊ द्यावं," ती म्हणायची, "शेवटच्या अर्ध्या तासात तो आपणहून परत येतो." आणि खरंच यायचे. पुढे गेलेले एकेक जण टाकीचा काटा बघून हळू व्हायचे आणि ताई त्यांच्या बाजूने अशी निघून जायची की जणू तिला कुठेच जायची घाई नाही.

भावोजी पुन्हा गाडीत हात घालू लागले. दिवसभर डेपोत, संध्याकाळी शेडमध्ये. शर्यतीच्या वेळी पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या कडेला गाड्यांची देखभाल करतात त्या जागी, वायरलेसवर ते असायचे. घरात ताई त्यांना 'अहो' म्हणायची. वायरलेसवर मात्र सरळ 'अरे, ऐक' व्हायचं. भावोजींनी एकदा विचारलं तर म्हणाली की वळणात शिरताना आदराला वेळ नसतो. सासूबाईंनी हे ऐकलं आणि दोन दिवस हसत होत्या.

बघता बघता ताईचीही चार विजेतेपदं झाली. आता पाचवं मिळालं की नवऱ्याचा विक्रम मोडणार. त्या हंगामात शेवटच्या शर्यतीपर्यंत ताई आणि एक दाताचा डॉक्टर बरोबरीत होते. डॉक्टर उमदा माणूस. ताईपेक्षा बराच तरुण, नवी गाडी, आणि बोलायला इतका गोड की दात काढतानासुद्धा दुखत नसेल. हिशेब सोपा होता. शेवटच्या शर्यतीत दोघांपैकी जो पुढे, त्याचं विजेतेपद.

आणि मग लोकांच्या जिभा सुटल्या. ट्रॅकवरच्या चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणालं, नवरा कशाला आपला विक्रम मोडू देईल? गाडी त्याच्याच हातात आहे. एखादा नट सैल सोडला की काम झालं. हसण्यावारी म्हटलं असेल, पण भावोजी तिथेच पाठमोरे उभे होते. त्यांनी चहाचा कप तसाच ठेवला आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी मी पोशाखाची खांद्याची शिवण बघायला ताईकडे गेलो तेव्हा भावोजी स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. त्यांनी सांगितलं की या शर्यतीसाठी गाडी डेपोतला दुसरा मेकॅनिक तयार करेल. आपण हात लावणार नाही. ताई हरली तर जग म्हणेल, नवऱ्यानेच हरवली.

ताई माझ्यासमोर हात पसरून उभी होती, बाहीला टाचण्या लावलेल्या. तिने मान वळवली नाही. म्हणाली, "अहो, मी त्या गाडीत बसते ती तुमच्या हातच्या नटांवर विश्वास ठेवून. लोकांच्या तोंडांवर नाही. तुम्ही गाडी करणार नसाल तर मी बसत नाही. डॉक्टरांना फोन करून सांगते, या आणि कप घेऊन जा."

भावोजी दारातून आत आले. मग म्हणाले, "लोक अगदीच खोटं बोलत नाहीत. तू जिंकावंस असं मला वाटतं, अगदी मनापासून वाटतं. आणि माझं आहे ते राहावं, असंही वाटतं. माझ्याकडे दुसरं काय उरलंय?"

मला तिथून निघून जावंसं वाटलं, पण ताईची बाही माझ्या हातात होती.

"दोन्ही वाटतंय ना," ताई म्हणाली, "मग दोन्ही घेऊन शेडमध्ये जा. येताना हात धुवून या, पानं वाढते."

ते गेले. त्यानंतरचे चार-पाच दिवस त्यांनी त्या गाडीचा नट न् नट उघडून पुन्हा बसवला. इतकी जपून केलेली गाडी मी कधी पाहिली नव्हती.

शर्यतीच्या दिवशी ऊन स्वच्छ होतं आणि मोकळी जागा म्हणून दिसत नव्हती. ताईच्या डेपोतले ड्रायव्हर-कंडक्टर गणवेशातच आले होते. सुरुवात नेहमीसारखी झाली, म्हणजे ताई मागे पडली. सगळे सुसाट आणि ही आपली पाय उचलून. भावोजी वायरलेसवर अधूनमधून तिला पुढच्याचं अंतर सांगत होते. डॉक्टर सगळ्यांत पुढे होता. पण तो पेट्रोल भरपूर जाळतोय, हे भावोजींना त्याच्या इंजिनाच्या आवाजावरून कळत होतं. सगळं तिच्या गणिताप्रमाणे चाललं होतं.

तेवढ्यात लांबच्या वळणावर दोन गाड्या एकमेकींवर आदळल्या. कुणाला फार लागलं नाही, पण रस्त्यावर पत्रे आणि काचा पसरल्या. असं झालं की आयोजकांची एक पिवळी गाडी ट्रॅकवर येते. सगळ्यांनी तिच्यामागे रांगेत हळू चालायचं, कुणी कुणाला मागे टाकायचं नाही. रस्ता साफ व्हायला वेळ लागला. पिवळी गाडी फिरतेय, मागे सगळे मुंगीच्या पावलांनी. मला वाटलं, बरं झालं, ताई पुढच्यांच्या जवळ आली. मी भावोजींकडे पाहिलं तर त्यांचा चेहरा उतरला होता.

त्यांनी मला समजावलं. हळू चाललं की सगळ्यांचंच पेट्रोल वाचतं. ज्यांनी उधळलं होतं त्यांनाही आता शेवटपर्यंत पुरणार. ताईने तासभर पै-पै करून जे साठवलं, ते पिवळ्या गाडीने सगळ्यांना फुकट वाटून टाकलं. आता शर्यत पुन्हा सुरू होईल तेव्हा काटकसरीला काही किंमत नाही. आता फक्त वेग.

आणि वेगाने चालवायचं ते ताईने जन्मात केलं नव्हतं.

वायरलेसवर तिचा आवाज आला. "अरे, ऐक. माझ्याकडे पुष्कळ उरलंय. त्याचं काय करू?"

"जाळ," भावोजी म्हणाले. "सगळं जाळ. मी सांगतो तसं."

पिवळी गाडी बाजूला झाली आणि पुढची वीसेक मिनिटं मी माझी बहीण नव्हे, दुसरंच कुणीतरी पाहिलं. भावोजी डोळे मिटून बोलत होते. त्यांना ट्रॅक बघायची गरजच नव्हती. आता सोडू नकोस, अजून नाही, अजून नाही, आता. शेवटच्या वळणाजवळ पाण्याची उंच टाकी आहे. "टाकीची सावली बॉनेटवर येईपर्यंत ब्रेकला पाय लावायचा नाही," त्यांनी सांगितलं. पहिल्या वेळी तिने आधीच पाय उचलला. दुसऱ्या वेळी सावली आली आणि मग ब्रेक लागला. मागची चाकं जरा सरकली आणि सावरली. डेपोतले लोक उभे राहिले. एकेक गाडी मागे टाकत ती डॉक्टरच्या पाठीला जाऊन चिकटली. त्या दिवसाची सगळ्यांत वेगवान फेरी तिची होती, हे नंतर कळलं.

शेवटच्या फेरीत, टाकीच्या वळणाच्या आधी, तिने डॉक्टरला मागे टाकलं. मी ओरडलो की नाही मला आठवत नाही. वळणाच्या तोंडाशी मात्र एक मागे पडलेली गाडी गर्रकन फिरली आणि रस्त्यात आडवी झाली, ड्रायव्हरची बाजू ताईकडे. धोक्याची सूचना देणारे झेंडे अजून हललेले नव्हते. ताईने पाय उचलला. बाहेरच्या बाजूने फट होती. त्या फटीतून डॉक्टर निघून गेला आणि रेषेवर तिच्या आधी पोचला. आडवी गाडी आपल्याला ताईच्या गाडीमुळे दिसलीच नाही, असं त्याने नंतर स्वतः येऊन सांगितलं, आणि दिसली असती तर आपण काय केलं असतं ते ठाऊक नाही, हेही सांगितलं. मला तो माणूस तेव्हापासून आवडतो.

ताई गाडीतून उतरली, हेल्मेट काढलं, केस घामाने कपाळाला चिकटलेले. कुणीतरी विचारलं की पाय का उचलला, जागा तर होती. ती म्हणाली, "होती. पण आत माणूस होता ना." बस, एवढंच. पुढे कधीही तिने त्या वळणाबद्दल आणखी काही सांगितलं नाही.

ती सावरली होती. कोसळले होते ते भावोजी. पिटच्या मागे टायरच्या चळतीवर तोंड फिरवून बसले होते. मी जवळ गेलो तर म्हणाले, "माझ्या मनात होतं तेच झालं."

ताई माझ्या मागोमाग आली होती. ती त्यांच्या शेजारी टायरवर टेकली. "मनातल्या गोष्टींवर गाडी चालत असती," ती म्हणाली, "तर पेट्रोल कशाला लागलं असतं?" आणि मग जरा वेळाने, "तुम्ही हे असं चालवायचात होय इतकी वर्षं? मला आधी का नाही सांगितलंत, किती मजा येते ते?"

भावोजी रडता रडता हसले. डोळे पुसायला त्यांच्याकडे ग्रीसचं फडकंच होतं. त्यामुळे त्या दिवशीच्या फोटोत ते भुतासारखे दिसतात.

विक्रम मोडला तो पुढच्या वर्षी, आणि तोही असा की सांगायला काही नाही. हंगामातली शेवटून दुसरी शर्यत, ढगाळ दिवस, बघायला माणसं मोजकी. डॉक्टरची गाडी सुरुवातीलाच बंद पडली. ताई तिसरी आली आणि तेवढ्या गुणांवर तिचं पाचवं विजेतेपद पक्कं झालं. ध्वनिक्षेपकावर काहीतरी घरघरलं, कुणाला ऐकू आलं नाही. डॉक्टर हातात चहाचे दोन कप घेऊन तिचं अभिनंदन करायला आला. पण त्या अख्ख्या वर्षात तिने दोन्ही पद्धती एकत्र केल्या होत्या. पहिला दीड तास वडिलांच्या बाटल्या, शेवटचा अर्धा तास भावोजींची सावली. तिच्या पद्धतीची नक्कल करणारे तोवर बरेच झाले होते, पण त्यांना एक तरी जमायचं किंवा दुसरं. दोन्ही जमणारी ती एकटी.

ट्रॅकच्या कार्यालयात विक्रमांचा लाकडी फलक आहे. पेंटर आला तेव्हा आम्ही तिघं तिथेच होतो. भावोजींच्या नावाच्या वर ताईचं नाव लिहायचं होतं. पेंटरने फलक मापला आणि म्हणाला, ओळ लांब होतेय, अक्षरं बारीक करावी लागतील.

"मधलं नाव गाळा," भावोजी म्हणाले. मधलं नाव म्हणजे त्यांचंच.

"अक्षरं बारीक करा," ताई पेंटरला म्हणाली. "मधलं राहू दे. गाडी कुणी केली ते लोकांना कळायला नको?"

भावोजींनी खिशातून चष्मा काढला आणि अक्षर न् अक्षर पूर्ण होईपर्यंत शिडी धरून उभे राहिले. पेंटरचा एक काना वाकडा आला, तो त्यांनी पुसून पुन्हा काढायला लावला.

त्यानंतर ताई आणखी दोन हंगाम उतरली. एकदा चौथी आली, एकदा बरीच मागे. मग चष्म्याचा नंबर वाढला आणि तिने स्वतःच पुरे म्हटलं. गाडी तिने त्या आडव्या झालेल्या गाडीच्या ड्रायव्हरला दिली, कारण त्याची होती ती भंगारातच गेली होती. तो अजून काही जिंकलेला नाही. रविवारी सकाळी मात्र तो येतो. भावोजी शेडमध्ये गाडीखाली असतात, ताई पायरीवर बसून त्याला सांगत असते की कुठे पाय उचलायचा. मधेच गाडीखालून आवाज येतो, "अजून नाही, अजून नाही." मग दोघांचं वाजतं. तो बिचारा पाना हातात धरून आळीपाळीने दोघांकडे बघत राहतो.